आई, इथे सुकती नाही

प्रिय आई,


काल फोनवर तू विचारलंस, "तिथे सुकती किती वाजता असते गं? मी आले की तेव्हाच पाय भिजवायला जाऊ." फोन ठेवल्यावर मी किती वेळ एकटीच हसत होते. मार्सेयला सुकती नसते. म्हणजे असते, पण जेमतेम वीतभर. गुहागरला पुरुषभर पाणी चढतं-उतरतं, आणि इथे सकाळी पाण्याकाठी ठेवलेली चप्पल संध्याकाळी तिथेच कोरडी सापडते. कुणी उचलली नाही तर! फ्रान्सच्या मुख्य भूमीवरच्या डोंगरांची उंची समुद्रसपाटीपासून मोजतात ना, ती सपाटी याच शहरात ठरली. कॉर्निश रस्त्याच्या कडेला एक लहानशी इमारत आहे, तिच्यात १८८५ पासून पाण्याची पातळी टिपली जाते.

म्हणून तिथी बघून इथे काही कळायचं नाही. बघायचा तो वारा. वायव्येकडून, रोन नदीच्या खोऱ्यातून मिस्त्राल सुटतो. आकाश धुतल्यासारखं निळंशार होतं, ऊन कडक पडतं, आणि नवख्या माणसाला वाटतं, आज पोहायला काय दिवस आहे! इथल्या पहिल्या जुलैत मी अशीच फसले. दोन दिवस मिस्त्राल वाहून गेला होता, घामाने जीव नकोसा झाला होता, धावत जाऊन कमरेभर पाण्यात शिरले आणि किंचाळत बाहेर आले. काठावर बसलेल्या दोन आज्या पोट धरून हसत होत्या. हा वारा वरचं तापलेलं पाणी लोटून आत समुद्रात नेतो आणि त्याच्या जागी खालचं गार पाणी वर येतं. एरवी तेवीस-चोवीस अंशांवर असलेलं पाणी अशा वेळी पंधरा-सोळावर उतरतं. तुझ्या गुडघ्यांना ते सोसायचं नाही. तेव्हा रोज सकाळी आधी मी पाण्याचं तापमान बघणार, मग आपण ठरवणार.

गावाच्या सगळ्यात जवळचा किनारा कातालान. जुन्या बंदरापासून चालत वीस मिनिटं, वाळूही आहे, पण जुलैत तिथे टॉवेलाला टॉवेल लागलेला असतो. तो बाद. प्रादोचा लांबलचक किनारा तुला बघायला आवडेल, कारण तो माणसांनी केलेला आहे. १९७०च्या दशकात इथे मेट्रोचं खोदकाम झालं, तेव्हा निघालेली माती-दगड समुद्रात भरून हा किनारा आणि त्यामागची हिरवळ तयार झाली. पण पायाखाली बहुतेक ठिकाणी बारीक खडी. अनवाणी चालशील तर गुहागरच्या पुळणीची आठवण काढून मला शिव्या देशील. मोठा पाऊस पडला तर तिकडे फिरकायचंच नाही. युव्होन नदी गावाची घाण घेऊन तिथेच समुद्राला मिळते, आणि मग पालिका पोहायला बंदी घालते.

माझं मत प्रोफेटच्या किनाऱ्याच्या बाजूने आहे. ८३ नंबरची बस जुन्या बंदरावरून सुटते आणि कॉर्निशने थेट तिथे नेते. मऊ वाळू, पाणी लांबपर्यंत उथळ, आणि हंगामात जीवरक्षक असतात. हिरवा झेंडा असेल तर निर्धास्त जायचं, लाल असेल तर काठावर बसून शेंगा खायच्या. आपण संध्याकाळी सहाला निघू. घाबरू नकोस, सूर्य नऊनंतर मावळतो. आणि हो, पाण्यात जायला काय घालू, ही तुझी काळजी सोडून दे. अल्जीरिया-मोरोक्कोकडच्या कितीतरी बायका अंगभर कपड्यांत, पोराला मांडीवर घेऊन पाण्यात बसलेल्या असतात. शेजारीच कुणी दोन चिंध्यांत पडलेली असते. कुणी कुणाकडे बघत नाही. तूही फार बघू नकोस.

कालांकचे फोटो बघून तुझा नातू हट्ट धरेल. पांढऱ्या कड्यांमधलं ते हिरवंनिळं पाणी खरंच वेड लावतं. पण त्यातल्या सुजितोंला उतरायला तासभर दगडगोट्यांची वाट, आणि चढून यायला तुझ्या गुडघ्यांना नवस बोलावा लागेल. गर्दीने पायवाटेची माती झिजून झाडांची मुळं उघडी पडू लागली, म्हणून २०२२ पासून उन्हाळ्यात दिवसाला चारशेच माणसांना सोडतात, आधी नाव नोंदवून. नोंदणी फुकट आहे. त्याला घेऊन मी एकटी जाईन. तुला ते कडे बोटीतून दाखवते.

८ जुलै मात्र आत्ताच राखून ठेवते. "सावरकरांनी उडी मारली ते मार्सेलिस हेच ना?" असं तू दोनदा विचारलंस. हेच. १९१०ची तीच तारीख, त्यांची मोरिया बोट बंदरात उभी होती. तिथे उभं राहायला किनारा नाही, बंदर आहे. पण उन्हाळ्यात जुन्या बंदरावरून एस्ताकला लाँच जाते, ती त्या मोरियाच्या बंदराच्या लांबच लांब बांधाच्या कडेने जाते. त्या लाँचमध्ये बसू. पुढे कॉर्बियेरचा किनारा आहे. दक्षिणेकडे तोंड, पाठीशी टेकड्या, त्यामुळे मिस्त्राल असला तरी तिथे थोडा आडोसा मिळतो.

आणि एस्ताकला पानीस खायचं. हरभऱ्याच्या पिठाचं घट्ट पिठलं शिजवतात, गार करून चकत्या कापतात आणि कडकडीत तेलात तळतात. वरून मीठ. कागदाच्या पुडीतून गरमगरम देतात. बाहेरून खुसखुशीत, आत अगदी लोण्यासारखं. जिरं-हिंग काही नाही, तेव्हा तू पहिल्याच घासाला काय म्हणशील ते मला माहीत आहे.

जुनं सुती पातळ आण, भिजलं तरी चालेलसं. रबरी चपला आण. बेसन आणू नकोस, इथे मिळतं. हिंग आण.

तुझी,
ताई