आमच्या घरातली रजनी

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी ज्या माझ्या वयाच्या असतील त्यांना १९८५ सालचे रविवार नक्की आठवतील. भराभर आंघोळी उरकायच्या, कुकर चढवायचा आणि पदराला हात पुशीत टीव्हीसमोर बसायचं. दूरदर्शनवर 'रजनी' लागायची ना!

बासू चटर्जींची ती मालिका आणि रजनी झालेल्या प्रिया तेंडुलकर. म्हटलं तर चारचौघींसारखी साडीतली गृहिणी. पण अन्याय दिसला की गप्प बसणं हिला ठाऊकच नाही! विजय तेंडुलकरांची ही लेक स्वतः कथाही लिहीत असे. पण आम्हा बायकांना ती रजनीच वाटायची.

गिरगावातल्या आमच्या मजल्यावर तेव्हा दोनच टीव्ही. त्यातला एक आमचा, शटरचा. त्यामुळे दहा-बारा माणसं आमच्याच खोलीत. प्रत्येकाचं मत निराळं. शेजारच्या काकू म्हणायच्या, "असली सून घरात आली तर रोज कोर्टच भरेल!" कोपऱ्यातल्या खोलीतले भाऊ टॅक्सी चालवायचे. टॅक्सीवाल्यांवरचा भाग लागला तेव्हा ते मधेच उठून गेले. "आम्ही काय सगळेच लुच्चे?" त्या भागाचा टॅक्सीवाल्यांनी पुढे जाहीर निषेधही केला. भाऊंचं अगदीच चूक होतं असं नाही हं. मीसुद्धा नाक मुरडायची. "हे टीव्हीतच होतं हो. अर्ध्या तासात सगळे सुतासारखे सरळ!"

सासूबाई मात्र काही बोलत नसत. हिंदी त्यांना अर्धंमुर्धं कळे. परक्या पुरुषापुढे कधी आवाज न काढलेली बाई. पण रजनी बोलू लागली की हातातली भाजी निवडायची थांबायची.

आता खरी गोष्ट सांगते. त्या सुमारास आमचा गॅस फार लवकर संपू लागला होता. महिना-सव्वा महिना जाणारा सिलिंडर तीन आठवड्यांत रिकामा. ठपका कोणावर? अर्थातच माझ्यावर. "हात सैल आहे सूनबाईचा," सासूबाई शेजारणींना सांगायच्या, मला ऐकू जाईल अशा बेतानं. ह्यांनी तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करायला सुरुवात केली. मी दुधाखाली शेगडी बारीक करायची, आंघोळीचं पाणी स्टोव्हवर तापवायची. तरी तेच. रात्री उशीत तोंड खुपसून रडले आहे मी त्या गॅसपायी.

आणि एका सकाळी सिलिंडर आला, तेव्हा सासूबाई दारात उभ्या राहिल्या.

"भाऊ, थांबा. आधी वजन करायचं."

"आजी, घाई आहे मला."

"घाई मलाही आहे. वरण शिजायचंय."

आवाज चढवला नाही. भाजीवालीला भाव विचारावा तशा बोलल्या. खाली कोळशाच्या वखारीत काटा होता. तिथे सिलिंडर चढवला. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्यावरच लिहिलेलं असतं. ते वजा केलं, तर गॅस जवळजवळ दोन किलो कमी!

रजनीचा प्रश्न इथे सुटला असता. आमचा नाही सुटला. मी तक्रारअर्ज लिहिला, सासूबाईंनी थरथरत्या अक्षरांत सही केली, आणि पुढचा सिलिंडर आलाच नाही. सहा आठवडे रॉकेलचा धूर. "झाली हौस?" हे म्हणाले. सासूबाई म्हणाल्या, "स्टोव्ह मी पेटवीन. तू जेवायला ये म्हणजे झालं." दोनदा अर्ज, चार खेपा, तेव्हा कुठे दारात वजन करून सिलिंडर मिळू लागला.

पण मला मिळायचं होतं ते त्याआधीच मिळालं होतं. वजन केलं त्याच्या पुढच्याच रविवारी, भरल्या खोलीत, मालिका सुरू व्हायच्या आधी सासूबाई म्हणाल्या, "आमच्या सूनबाईचा हात सैल नाही हो. सिलिंडरच हलका होता." माझी माफी त्यांनी कधी मागितली नाही. ह्या वाक्यानंतर मला ती नकोही होती. कॅलेंडरवरच्या खुणा त्या दिवसापासून बंद झाल्या.

ग्राहक संरक्षण कायदा नंतर, १९८६ साली आला. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून काम करीत होती, पण तिथवर जायचं कसं हे आम्हाला कुठे माहीत? आज राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, क्रमांक १९१५. आणि घरगुती सिलिंडरात १४.२ किलो गॅस असायला हवा. रिकाम्याचं वजन १५.३ लिहिलं असेल, तर भरलेला २९.५ भरला पाहिजे. सील तपासा, वजन करून घ्या. त्यात लाज कसली?

प्रिया तेंडुलकर २००२ साली गेल्या, बासूदा २०२० साली. सासूबाई तर त्याआधीच. पण सिलिंडर आला की मी अजून दारात उभी राहते आणि म्हणते, "भाऊ, थांबा. आधी वजन करायचं." आवाज न चढवता, बरं का!