कावळा, फांदी आणि घरचा कॉम्प्युटर



विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्याच्या आसपास आपल्यापैकी बऱ्याच जणांनी घरचा कॉम्प्युटर विंडोज ११ वर नेला. काहींनी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची सिक्युरिटी मुदतवाढ घेऊन ते काम पुढे ढकललं. अपग्रेडनंतर मशीन सारखं बंद पडतंय, ही तक्रार मी एडिसनमध्ये ओळखीच्या चार-पाच घरी तरी ऐकली. त्यातलं एक घर आमचंच. दहा दिवस डोक्याला ताप झाला, पण शेवटी उलगडा झाला. कुणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी मशीनची कुंडली. २०१९ साली घेतलेला डेस्कटॉप, इंटेलचा नवव्या पिढीचा प्रोसेसर, ८-८ जीबीच्या दोन मेमरी स्टिक्स. टीपीएम २.० होतं, म्हणजे विंडोज ११ च्या अटींत सगळं बसत होतं. २७ सप्टेंबरला, शनिवारी दुपारी अपग्रेड केलं. काही कुरकुर न होता झालं. रात्री साडेदहाला पहिला क्रॅश. बुधवारपर्यंत पाच झाले. (तो प्रसिद्ध निळा पडदा आता निळा राहिलेला नाही बरं का, २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो काळा केला. आपल्याला काय, निळा काय नि काळा काय!)

मुलगी म्हणाली, "बाबा, नवीनच घे ना आता." सल्ला वाईट नव्हता, पण मधल्या मधे अडकलेलं एक काम होतं. मी १९९८ साली वायटूकेच्या लाटेत इथे आलो. तेव्हा भारतात फोन करायचा म्हणजे कॉलिंग कार्डाची मिनिटं मोजत बोलायचं. त्यामुळे आई सांगलीहून कॅसेट भरून पाठवायची, कुणी इकडे येणारा भेटला की त्याच्या बॅगेतून. अशा अकरा कॅसेट्स. आई आता नाही. ऑगस्टपासून मी त्या एकेक करून कॉम्प्युटरवर उतरवत होतो. आठ झाल्या होत्या, तीन राहिल्या होत्या. जुनी फीत अजून किती वेळा नीट वाजेल ते सांगता येत नाही, आणि इथे तासाभराच्या रेकॉर्डिंगमध्ये चाळिसाव्या मिनिटाला मशीन मान टाकत होतं.

तेव्हा पहिलं काम केलं ते दुरुस्तीचं नाही, कॉपीचं. सगळ्या ऑडिओ फाइल्स आणि फोटो बाहेरच्या ड्राइव्हवर घेतले. आजारी मशीनवर उपचार करण्याआधी घरातली चीजवस्तू बाहेर काढावी.

दुसरं काम वहीचं. क्रॅश झाल्यावर मशीन आपोआप रीस्टार्ट होतं, आणि पडद्यावरचा स्टॉप कोड वाचायच्या आत निघून जातो. सिस्टिम प्रॉपर्टीजमध्ये 'स्टार्टअप अँड रिकव्हरी' आहे, तिथली 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट'ची खूण काढली की तो पडदा थांबून राहतो. मग तारीख, वेळ, काय चालू होतं आणि कोड, एवढं लिहून ठेवायचं. शिवाय स्टार्ट मेनूत 'रिलायबिलिटी' असं टाइप केलं तर दिवसवार तक्ता उघडतो, त्यात लाल फुल्या दिसतात. हे साधन व्हिस्टापासून विंडोजमध्ये आहे, पण कुणी उघडून बघत नाही.

तिसरं, मिनिडंप. क्रॅशच्या क्षणी काय चाललं होतं त्याची छोटी फाइल विंडोजच्या फोल्डरमध्ये 'मिनिडंप' नावाच्या कप्प्यात जमा होते. ती वाचायला ब्लूस्क्रीनव्ह्यू नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर पुरतं. पाचातल्या तीन डंपमध्ये एकाच ड्रायव्हरचं नाव होतं. कॅसेट प्लेअर कॉम्प्युटरला जोडायची एक यूएसबी डबी मी २००९ साली घेतली होती, तिचा ड्रायव्हर. ती बनवणाऱ्या कंपनीने विंडोज ७ नंतर ड्रायव्हर काढलेलाच नाही.

झालं! चोर सापडला असंच वाटलं, आणि वाटायला कारणही होतं. विंडोज हा एक वाडा समजा. साधे प्रोग्रॅम ओसरीवर बसतात. त्यातला एखादा घेरी येऊन पडला तर तो एकटा पडतो. ड्रायव्हरला मात्र थेट माजघरापर्यंत मुभा असते, तिथे त्याने काही सांडलं की अख्खा वाडा बंद करावा लागतो. स्विफ्ट, बर्शाड आणि लेव्ही या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांच्या २००३ च्या निबंधात, विंडोज एक्सपीच्या तेव्हा नोंदवलेल्या क्रॅशपैकी ८५ टक्के ड्रायव्हरमुळे होतात, असा आकडा दिलेला आहे. आणि १९ जुलै २०२४ ची सकाळ आठवत असेलच. क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेट फाइलमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे, ८५ लाख मशीन्स आडवी झाली आणि जगभर विमानं खोळंबली. तोही माजघरातलाच प्रकार.

१ ऑक्टोबरला खंडेनवमी होती. बायकोने कॉम्प्युटरला हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं, आणि त्यानंतर मी डिव्हाइस मॅनेजरमधून तो ड्रायव्हर मुळासकट काढला. दसरा शांततेत गेला. शुक्रवार, शनिवार, एकही क्रॅश नाही.

रविवारी संध्याकाळी आधीच्या फाइल्समधली खरखर काढायला बसलो आणि मशीन पुन्हा गेलं. रात्री पुन्हा. सोमवारी पुन्हा. डबी जोडलेली नाही, तिचा ड्रायव्हर नाही, तरीही!

आता वही कामाला आली. सगळ्या नोंदी एका खाली एक वाचल्या तर स्टॉप कोड दर वेळी निराळा. एकदा 'मेमरी मॅनेजमेंट', एकदा 'पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया', एकदा 'आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल'. डंपमधली नावंही आता बदलत होती, एकदा ग्राफिक्सचा ड्रायव्हर, एकदा वायफायचा. ढोबळ नियम असा की कोड तोच आणि नावही तेच असेल तर सॉफ्टवेअर बघा. दर वेळी नवा कोड आणि नवा आरोपी असेल तर हार्डवेअर बघा, आणि त्यातही आधी मेमरी.

जाता जाता एक सांगतो. आपलं हे गाव १९५४ पर्यंत रॅरिटन टाउनशिप होतं, मग एडिसन झालं. त्या एडिसनने इथल्या मेन्लो पार्कमध्ये काम करत असताना, १८७८ च्या एका पत्रात, यंत्रातल्या बारीकसारीक खोडींना 'बग' म्हटलं आहे. कल्पना सुचल्यावर या खोडी निघतात आणि मग महिनोन्‌महिने नीट बघत बसावं लागतं, असा त्याचा सूर. हार्वर्डच्या मशीनमध्ये सापडलेलं पाखरू १९४७ चं, म्हणजे बरंच नंतरचं. असो.

सोमवार ६ ऑक्टोबर, कोजागरी. विंडोज ११ वरून मागे जायची सोय फक्त दहा दिवस असते, ती दुसऱ्या दिवशी संपणार होती. ज्याला त्याला विचारावं तर तो म्हणत होता, मागे जा, सुखात राहा. मी पेन ड्राइव्हवर मेमटेस्ट८६ घातलं आणि मशीन त्याच्यावरून सुरू केलं. हे विंडोज चालू व्हायच्या आधीच चालतं, म्हणजे विंडोजचा दोष असेल तर तो इथे दिसणारच नाही. वर मसाला दूध उकळत होतं, खाली बेसमेंटमध्ये मेमरीच्या घराघरात आकडे लिहून परत वाचले जात होते. चाळीस मिनिटांत पहिली लाल ओळ आली. मग एकेक स्टिक काढून वेगवेगळी तपासली. एक स्वच्छ, दुसरी खराब.

आता सगळं जुळलं. खराब जागा त्या स्टिकच्या एका कोपऱ्यात होती. रोजच्या कामात मेमरी तेवढी भरतच नव्हती. विंडोज ११ थोडी जास्त मेमरी घेतं, त्यात तासाभराची ऑडिओ फाइल उघडली की त्या कोपऱ्यापर्यंत पाणी पोचायचं. कॅसेटच्या डबीचा ड्रायव्हर नेमका तेव्हाच चालू असायचा, म्हणून डंपमध्ये त्याचं नाव. तो काढल्यावर चार दिवस शांत गेले, कारण चार दिवस रेकॉर्डिंगच बंद होतं! बायकोला विचारलं तर म्हणाली, "अहो, जुलैमध्ये माझं एक्सेल दोनदा आपोआप बंद झालं होतं की." म्हणजे दुखणं अपग्रेडच्या आधीचं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. पहिला कावळा विंडोज, दुसरा तो ड्रायव्हर, आणि फांदी आधीच किडलेली.

मी मागे गेलो नाही. गेलो असतो तर क्रॅश बहुतेक कमी झाले असते आणि मी निर्धास्त झालो असतो. खराब मेमरीचा खरा धोका क्रॅश हा नाहीच. ती गुपचूप चुकीचे आकडे फाइलमध्ये लिहीत राहते, आणि त्याच फाइलची आपण भक्तिभावाने बॅकअप कॉपी करतो.

म्हणून ती स्टिक काढल्यावर आठही रेकॉर्डिंग्ज हेडफोन लावून पहिल्यापासून ऐकली. दोन संध्याकाळी गेल्या. गव्हाचा भाव, शेजारच्यांचं लग्न, "स्वेटर घालतोस ना रे?" दोन फाइल्समध्ये मध्येच 'टक' असा आवाज होता, मूळ कॅसेटमध्ये नसलेला. दोन्ही कॅसेट्स परत उतरवल्या. एक स्वच्छ आली. दुसरीची फीत मध्येच चिकटली, ती पुन्हा ताणायचा धीर झाला नाही. तिथे आईच्या एका वाक्यात तो 'टक' राहिला आहे. उरलेल्या तीन कॅसेट्स त्याच जुन्या डबीवर, तोच ड्रायव्हर परत घालून, विंडोज ११ वर उतरवल्या. एकदाही क्रॅश नाही.

कुणावर ही वेळ आली तर क्रम असा ठेवा. आधी कॉपी. मग वही. एका वेळी एकच बदल, आणि त्यानंतर नेहमीचंच काम करून बघा. मशीन नुसतं बसवून ठेवून 'बरं झालं' म्हणू नका. मेमटेस्ट शेवटी नाही, दुसऱ्या दिवशीच रात्रभर लावा. फुकट आहे आणि आपल्याला जागावं लागत नाही. मेमरी खराब निघाली तर विकत घ्यायच्या आधी पावती शोधा, बऱ्याच कंपन्या मेमरी स्टिकवर लाइफटाइम वॉरंटी देतात. आमची त्यातच बदलून मिळाली. आणि त्या काळात केलेल्या कॉपी एकदा उघडून बघा, ऐकून बघा.

कुणाला मेमटेस्टचा पेन ड्राइव्ह हवा असेल तर सांगा, आमच्याकडे तयार आहे. कॅसेटची डबीही रिकामीच पडली आहे.

आपला,
एक एडिसनकर