बाण जुळवताना

मूल धनुर्विद्येला लागलं की पालकांचा पहिला प्रश्न बाणांचा असतो. अदिती स्वामी आणि ओजस देवतळे ५ ऑगस्ट २०२३ ला बर्लिनमध्ये जगज्जेते झाले, दोघंही साताऱ्यात तयार झालेले, तेव्हापासून पुण्यात हा प्रश्न मला जास्तच ऐकू येतो. चांगल्यातला बाण कोणता, तो घेऊन टाकू. मी आधी मुलाचं धनुष्य मागतो. बाण एकटा चांगला किंवा वाईट नसतोच. तो कुणाच्या तरी धनुष्याला जुळतो किंवा जुळत नाही.

रिकर्व्ह धनुष्याची दोरी बोटांतून सुटते तेव्हा बाण आधी वाकतो, धनुष्याला वळसा घालतो आणि मग सरळ होत जातो. तो किती वाकेल हे स्पाईनवरून ठरतं. २८ इंच अंतरावरच्या दोन आधारांवर शाफ्ट ठेवून मधोमध सुमारे ८८० ग्रॅम वजन टांगायचं. शाफ्ट अर्धा इंच झुकला तर तो ५०० स्पाईनचा. आकडा जितका लहान, तितका शाफ्ट ताठ. पण हा आकडा टेबलावरचा. प्रत्यक्षात धनुष्याची ओढ वाढली, शाफ्ट लांब ठेवला किंवा पुढचं टोक जड लावलं की तोच बाण मऊ वागतो. १८ पाउंड ओढणाऱ्या मुलीला सत्तर मीटरवर खेळणाऱ्या जवानाचा ताठ बाण दिला तर तिच्या हातून तो वाकतच नाही आणि, उजव्या हाताने खेळत असेल तर, डावीकडे जातो. मग सगळे तिच्या खांद्याला दोष देतात. ते मला सहन होत नाही.

सगळ्यात रमतो मी टोकांत. एक ग्रेन म्हणजे जेमतेम ०.०६५ ग्रॅम, पण १०० ऐवजी १२० ग्रेनचं टोक लावलं की बाणाचा तोल पुढे सरकतो. ७० सेंटिमीटरच्या बाणाचा तोल मध्यापासून ७ ते १० सेंटिमीटर पुढे असला की तो वाऱ्यात स्थिर राहतो. त्याहून पुढे नेला तर लांबच्या अंतरावर बाण लवकर खाली येतो.

टोकांचा विचार आपल्याकडे फार जुना आहे. भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत युद्धपर्वं वाचताना मी पुन्हापुन्हा थांबतो. भल्ल, वत्सदंत, सबंध लोखंडाचा नाराच, प्रतिपक्षाची दोरी आणि ध्वज छाटणारा वस्तऱ्याच्या धारेचा क्षुरप्र. कर्णावर सुटलेला अंजलिक. काम वेगळं, तर टोक वेगळं.

हेच शास्त्र आज अमेरिकेत मोठ्या हरणांची शिकार करणारे धनुर्धर जपतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि ती असायलाच हवी. पण त्यांची एक गोष्ट मी मुलांना आवर्जून सांगतो. त्यांच्या टोकाला रुंद धारदार पाती असतात. हवेत ती पुढचे पंख होतात, त्यामुळे बाण जरा तिरका सुटला की पाती त्याला आणखी भरकटवतात. साध्या टोकाने झाकली गेलेली चूक पात्यांच्या टोकाने उघडी पडते. तिथे चूक म्हणजे जखमी होऊन दिवसभर तडफडणारं जनावर. म्हणून त्यांच्यातला जबाबदार माणूस पात्यांचा आणि साधा, दोन्ही बाण एकाच जागी लागेपर्यंत रानात पाऊल टाकत नाही.

आमची पाती म्हणजे बिनपिसाचा शाफ्ट. तीन पिसांचे बाण मारायचे आणि त्यांच्या सोबत एक बिनपिसाचा. उजव्या हाताच्या खेळाडूचा तो गटाच्या डावीकडे लागला तर बाण ताठ, उजवीकडे लागला तर मऊ. ताठ निघाला तर आधी टोक जड करून बघावं, मऊ निघाला तर हलकं. शाफ्ट कापायची घाई करू नये. टोक हॉटमेल्टने चिकटवलेलं असतं, गरम केलं की निघतं. उष्णता मात्र धातूला द्यायची, कार्बनला नाही. कापलेला शाफ्ट पुन्हा लांब होत नाही.

मग प्रत्येक बाण काट्यावर तोलायचा. ओजसने अंतिम फेरीत १५ बाणांत १५० गुण घेतले. पन्नास मीटरवर दहा गुणांचं वर्तुळ फक्त ८ सेंटिमीटरचं असतं. एक बाण जरी इतरांपेक्षा जड असता, तरी असा गुणफलक जमणं अवघड होतं.

वाढत्या मुलाची ओढ आणि हाताची लांबी सहा महिन्यांत बदलते. ती स्थिरावेपर्यंत साधे ॲल्युमिनियमचे बाण पुरेसे आहेत, आणि वाचलेले पैसे सरावाला लावावेत. बाण घ्यायला एकटे जाऊ नका. मुलाला न्या, त्याचं धनुष्य न्या आणि पूर्ण ओढीला किती पाउंड भरतात ते मोजून घ्या.