पंचवटीचा दरवाजा आणि मतपेटी

नाशिकला जाणारी आपली मंडळी बहुधा त्रिरश्मी लेणी पाहतात, पायथ्याच्या बुद्धविहारात वंदना घेतात आणि परतीची एस.टी. धरतात. गोदावरी ओलांडून पंचवटीत कशाला जायचे, तो रामाचा मुलूख, असे पुष्कळांना वाटते. पण पंचवटी हे आपल्या चळवळीचेही गाव आहे. पुढच्या खेपेस मुलाबाळांना घेऊन दोन तास तिथे जरूर काढा. हात जोडायला नव्हे, आपला इतिहास पाहायला.

रविवार कारंजावरून होळकर पुलाने नदी ओलांडली की पंचवटी लागते. डाव्या-उजव्या बाजूला नारळ, फुले, तांब्या-पितळेची भांडी, फोटोंची दुकाने. खाली रामकुंड. घाटावर नेहमीच गर्दी. कुणी आंघोळ करतो, कुणी अस्थी घेऊन आलेला असतो, भटजी गिऱ्हाईक शोधत असतात. या गर्दीत मुलांना एक गोष्ट सांगा. २ मार्च १९३० रोजी सुमारे पंधरा हजार अस्पृश्यांची मिरवणूक काळाराम मंदिराकडे निघाली. दरवाजे बंद होते. तेव्हा ती गोदावरीच्या घाटावर आली आणि तिथे परमपूज्य बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली सभा झाली. दुसऱ्या दिवसापासून सत्याग्रह सुरू झाला.

घाटावरून गल्लीबोळाने चढून गेले की काळाराम मंदिर पायी थोड्याच अंतरावर आहे. पेशवाईत सरदार रंगराव ओढेकरांनी बांधलेले, काळ्या दगडाचे, भोवती उंच तट आणि चार दिशांना चार दरवाजे. या दरवाजांसमोर आपली माणसे बसली. पहिल्या तुकडीत सव्वाशे पुरुष आणि पंचवीस स्त्रिया होत्या. त्या वर्षीच्या रामनवमीला रथ ओढण्यावरून दगडफेक झाली, डोकी फुटली. खेड्यापाड्यांत सत्याग्रहींवर बहिष्कार पडला, दुकानदार सामान देईनात. तरीही माणसे येतच राहिली.

या सत्याग्रहाचा भार वाहणारा माणूस म्हणजे भाऊराव कृष्णराव गायकवाड, आपले कर्मवीर दादासाहेब. दिंडोरी तालुक्यातील आंबे गावचे, जन्म १९०२ चा. सत्याग्रह समितीचे ते चिटणीस होते. पाच वर्षे लढूनही दरवाजा उघडला नाही. मार्च १९३४ मध्ये बाबासाहेबांनी दादासाहेबांना पत्र लिहून कळवले की, आता आपली शक्ती मंदिरापेक्षा शिक्षणावर आणि राजकारणावर लावावी. पुढच्या वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, याच जिल्ह्यातील येवल्यात धर्मांतराची घोषणा झाली. पंचवटीत बंद राहिलेल्या दरवाजानेच आपल्याला धम्माची वाट दाखवली, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

राजकारणाची वाट मात्र सोपी नव्हती. दादासाहेब १९३७ साली मुंबई विधानसभेत गेले. स्वराज्य आले, सर्वांना मताचा अधिकार मिळाला, तो लिहून देणारे बाबासाहेबच. पण ते स्वतः १९५२ साली मुंबईतून आणि १९५४ च्या पोटनिवडणुकीत भंडाऱ्यातून पडले. एकट्या पक्षाच्या बळावर काँग्रेसला हरवणे किती अवघड, ते यावरून कळते.

मग १९५७ ची निवडणूक आली. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण होऊन तीनच महिने झालेले. संयुक्त महाराष्ट्राचे आंदोलन पेटलेले होते आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन समितीत सामील होते. शेकाप, समाजवादी, कम्युनिस्ट यांच्याबरोबरीने फेडरेशन लढले आणि दादासाहेब नाशिकमधून लोकसभेवर निवडून आले. ज्या नाशिकने त्यांना देवळाच्या पायरीवर येऊ दिले नव्हते, त्याच नाशिकने त्यांना दिल्लीच्या संसदेत पाठवले. त्यांच्या पारड्यात मते टाकणारे सगळेच काही आपले नव्हते. कुणबी होते, गिरणी कामगार होते, मराठी राज्य हवे असणारे होते.

एकदा जिंकलेली जागा राखणे हे मात्र जिंकण्यापेक्षा कठीण. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला आणि समितीला एकत्र धरणारी दोरीच सुटली. इकडे ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपूरला स्थापन झालेला रिपब्लिकन पक्ष दोन-तीन वर्षांत फुटला. दादासाहेबांचा एक गट आणि बी. सी. कांबळे यांचा दुसरा. १९६२ साली नाशिकची जागा काँग्रेसच्या गोविंद हरी देशपांडे यांनी घेतली. त्यांच्या निधनानंतर १९६३ मध्ये संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण याच जागेवरून बिनविरोध निवडून आले. दादासाहेब १९६२ ते १९६८ राज्यसभेत होते आणि त्याच काळात त्यांनी भूमिहीनांचा मोठा सत्याग्रह केला. पण नाशिकची जागा हातची गेली ती गेलीच.

दोष कुणा एका पुढाऱ्याला देऊन काम भागत नाही. जागा राखायची तर तीन गोष्टी लागतात. घर एक असावे लागते. शेजारी जोडून ठेवावे लागतात, निवडणुकीपुरते नव्हे, पाच वर्षे. आणि वस्तीतले प्रत्येक नाव मतदार यादीत असावे लागते. पहिल्या दोन गोष्टी पुढाऱ्यांच्या हातात आहेत असे आपण म्हणतो. तिसरी तर आपल्याच हातात आहे ना? पोर अठरा वर्षांचे झाले की सहा नंबरचा फॉर्म, घर बदलले की आठ नंबरचा. सासरी गेलेल्या लेकींची नावे तर हमखास राहतात. तेवढी या महिन्यात तपासा.

काळारामाच्या पूर्व दरवाजासमोर मुलांना क्षणभर उभे करा आणि १९३०, १९५७ आणि १९६२ ही तिन्ही साले सांगा. पहिले दोन आकडे सगळ्या जयंत्यांत ऐकू येतात. तिसरा आपण सांगत नाही, आणि खरी शिकवण त्यातच आहे.

जयभीम!