पंचांच्या डोळ्यांदेखत

भीमेच्या काठी, शिरूर आणि दौंड या तालुक्यांच्या सीमेवरील वडगाव रासाईत मी शिक्षक असताना पहाटे शर्यतीच्या चालीचा सराव करीत असे. आणि मांडवगण फराट्याच्या रस्त्याने कंबर हलवीत निघालेल्या माझ्याकडे पाहून उसाचे गाडीवान ‘गुरुजी, उसण भरली काय?’ अशी मोठ्या कळवळ्याने चौकशी करीत. त्यांचे तरी काय चुकले? या खेळाचा कायदाच असा विलक्षण की, एक ना एक पाय सदैव भूमीला टेकलेला दिसला पाहिजे, आणि पुढे टाकलेला पाय जमिनीला लागल्यापासून देह त्यावर सरळ उभा होईपर्यंत गुडघ्यात वाकता कामा नये; मग धावण्यास आतुर झालेल्या शरीराला वाट सापडते ती कमरेतूनच. पोटरीच्या आधी नडगीचा स्नायू पेटतो, हे मात्र स्वतः चालल्याखेरीज उमगत नाही.

त्या काळी तीन निरनिराळ्या पंचांनी तांबडे कार्ड दिले की स्पर्धक बाद होई, आणि हा निवाडा यंत्राने नव्हे, नुसत्या डोळ्यांनी करावयाचा. या अमलाखाली पोलंडच्या रॉबर्ट कोझेनिओव्स्कीने आपली कारकीर्द घडविली. १९९२ साली बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये ५० किलोमीटरच्या शर्यतीत दुसऱ्या क्रमांकावर असताना, स्टेडियम अगदी नजीक आले असता, तो बाद ठरला. १९९६ मध्ये अटलांटा येथे त्याने तेच अंतर जिंकले. पुढे २००० साली सिडनीत २० किलोमीटरच्या शर्यतीत मेक्सिकोचा बर्नार्दो सेगुरा अव्वल आला, आणि त्याच्या देशाचे अध्यक्ष दूरध्वनीवरून त्याचे अभिनंदन करीत असतानाच तो बाद झाल्याचा हुकूम त्याच्या हाती पडला. सुवर्णपदक कोझेनिओव्स्कीकडे गेले. ती हकीकत वाचून मी सेगुरासाठीच अधिक हळहळलो, हे खरे. तथापि हे पदक दैवाने दिले असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही, कारण आठवड्याच्या आतच कोझेनिओव्स्कीने ५० किलोमीटरही जिंकले, आणि एकाच ऑलिम्पिकमध्ये हे दोन्ही विजय त्यापूर्वी कोणाही पुरुषास साधले नव्हते. २००४ साली अथेन्स येथे त्याने ५० किलोमीटरचे लागोपाठ तिसरे सुवर्ण घेतले.

हे सारे मी गावातल्या पोरांना रंगवून सांगतो. ती ऐकतात, हसतात, आणि धावू लागतात. पोलीस भरतीत १६०० मीटर धावण्याला गुण आहेत, चालण्याला नाहीत, हा त्यांचा हिशेब मला खोडून काढता येत नाही.