मस्तानीचं घर आणि आजीचा अडकित्ता

आमची मुलुंडची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलीय. महिन्याभरात घर रिकामं करायचंय. ऑफिसात जुना कोड उडवतो ना, त्याच सफाईने मी आजीच्या वस्तूंचे दोन ढीग केले : 'ठेवायचं' आणि 'भंगार'. तिचा पितळी अडकित्ता अर्थातच भंगारात.

परवा शनिवारी कामासाठी पुण्याला गेलो. दोन तास हाताशी होते, म्हणून बाजीराव रस्त्याजवळच्या राजा केळकर संग्रहालयात शिरलो. बाजीरावाने मस्तानीसाठी १७३४ मध्ये कोथरूडला महाल बांधला होता. त्याचे अवशेष आणून दिनकर केळकरांनी तो इथे पुन्हा उभा केलाय. म्हणजे हेही रिडेव्हलपमेंटच की! फक्त इथे जुनं घर वाचलं.

पण मी थबकलो ते अडकित्त्यांपाशी. ओळीने मांडलेले, काचेआड. केळकरांचा मुलगा राजा लहानपणीच गेला. संग्रहालयाला नाव त्याचं. पत्नी कमलाबाईंच्या साथीने त्यांनी दिवे, कुलपं, वाद्यं अशा सुमारे २०,००० वस्तू जमवल्या आणि १९७५ मध्ये सगळं राज्य सरकारला देऊन टाकलं. ज्याला ठेवता आलं नाही, त्याच्यासाठी एवढं सगळं ठेवलं... आणि मी?

बाहेर येऊन घरी फोन लावला.

"आई, भंगारवाला येऊन गेला का गं?"

"उद्या येणारे."

"आजीचा अडकित्ता काढून ठेव."

"अरे, सुपारी खातंय कोण आता?"

कोणीच नाही. नव्या फ्लॅटमध्ये जागाही नसेल. असो. अडकित्ता सध्या माझ्या लॅपटॉपच्या बॅगेत आहे.