चार वाद्यं, एक गंधार

पेटी, ऑर्गन, मेंडोलिन आणि व्हायोलिन अशी चार वाद्यं मी पोटासाठी वाजवली. पहिल्या तिघांनी गंधार तयार करून हातात दिला, चौथ्यानं तो माझ्यावर सोपवला. अलीकडे दोन्ही कानांना यंत्रं लागली आणि या चौघांचं आपसांत पटेनासं झालं. इतकी वर्षं मी मध्ये पडून त्यांचं जमवत होतो, हे तेव्हा कळलं.

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावाआधी 'बहुवाद्यवादक' छापून आलं की मी ती पत्रिका जपून ठेवायचो. एकाच वाद्याला जन्म वाहिलेल्या लोकांची मला थोडी कीव यायची. सकाळी ताडदेवला रेकॉर्डिंगमध्ये व्हायोलिन, संध्याकाळी दादरला अभंगांना पेटी, रात्री नाटकाला ऑर्गन आणि शेवटच्या लोकलनं डोंबिवली, असा दिवस त्यांना निभावला नसता, असं मनात म्हणायचो. गजाननराव जोशी गळा आणि व्हायोलिन दोन्ही पुरेपूर घेऊन बसत, पण तो मासलाच वेगळा. माझ्या चार वाद्यांची बेरीज नेमकी किती होते, हा हिशेब मी मांडला नाही. तो मांडला नाही म्हणूनच रुबाब टिकला.

शुद्ध गंधाराचं दुखणं पेटीवाल्यांना सांगायला नको. तरी आकडे लिहितो, कारण त्यांनी माझी झोप घालवली आहे. काळी एकचा सा धरला, तर सप्तकाचे बारा सारखे भाग करून लावलेल्या पेटीचा गंधार सुमारे 349 हर्ट्झवर येतो. तंबोऱ्यातून आपोआप उमटणारा गंधार 346.5च्या आसपास असतो. हा फरक 14 सेंटचा, म्हणजे अर्ध्या स्वराचा जेमतेम सातवा हिस्सा. नुसत्या पेटीवर कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण तंबोरा सुरू असला की जोडीच्या तारांतून निघणारा वरचा गंधार आणि पेटीच्या गंधाराचा वरचा स्वर एकमेकांना लागतात, आणि सेकंदाला पाचएक वेळा थरथर होते. गायक भूपात गंधारावर न्यास करून डोळे मिटतो आणि नेमकी त्याच वेळी ही थरथर सुरू होते.

यावर मी वापरलेला उपाय सोपा होता. बोट उचलायचं. गायक गंधारावर थांबला की आपण सा आणि प धरून बसायचं, भाता अगदी हलका ठेवायचा आणि गंधार त्याचा त्याला घेऊ द्यायचा. तो तिथून हलला की पुन्हा मागे निघायचं. या एका गोष्टीनं मला संगतकार म्हणून नाव मिळालं. 'कुठे वाजवायचं नाही हे यांना कळतं', असं एका मोठ्या गायिकेनं भर मैफलीत सांगितलं आणि मी नम्रपणे मान खाली घातली. ती समज नव्हती, पळवाट होती. पण टाळ्या पडल्यावर पळवाटेलाही घराण्याचा मान मिळतो, आणि तो मी घेतला.

पुढे एक पेटी गंधार ट्यूनिंगची करून घेतली. कारागिरानं गंधाराच्या सुरांची पट्टी बुडाशी घासून स्वर उतरवला, धैवत-निषादही तसेच बसवले. काळी एकला ती पेटी अशी बोलायची की आपण काही केलंच नाही असं वाटावं. काळी चारलाही निभायचं, कारण तिथला गंधार म्हणजे मूळचा निषादच. पण गायिका काळी पाचला बसली की मूळच्या कोमल रिषभाला गंधार व्हावं लागे, आणि तो साध्या पेटीपेक्षाही चढा लागे. स्केल चेंजरचा इथं उपयोग नाही. त्यात पट्ट्या सरकतात, सूर जागचे हलत नाहीत. म्हणजे दोन पेट्या वाहायच्या, नाहीतर पुन्हा बोट उचलायचं. लोकलनं जाणाऱ्यानं काय निवडलं असेल ते सांगायला नको.

लोक म्हणतात, हा दोष वाद्याचा, वादकाचा नाही. आकाशवाणीनं 1940 साली पेटीवर बंदी घातली ती याच कारणांसाठी, आणि संगतीपुरती ती उठायला 1971 उजाडलं. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी आणि क्लेमेंट्ससाहेबांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला श्रुती-हार्मोनियमचा खटाटोप केला. आपल्या काळात डॉ. विद्याधर ओकांनी 22 श्रुतींची पेटी केली. सा आणि प सोडून प्रत्येक स्वराच्या दोन श्रुती, हवी ती खुंटी ओढून घ्यायची. कामाबद्दल मला आदरच आहे. पण नाट्यसंगीताच्या बैठकीत पदामागून पद येतं, निवेदकाचं बोलणं अर्ध्यावर तुटतं आणि बुवा सुरू करतात. तिथं खुंट्या कधी ओढायच्या? आणि हल्ली जे सोलो पेटीवादक तिहाया मारून सभागृह उठवतात, त्यांना तर हा प्रश्नच पडत नाही. त्या गतीला कुठलाही गंधार चालतो. गोविंदराव पटवर्धनांच्या हाताखालची साधी पेटी ज्यांनी ऐकली आहे, त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. त्यांच्या पेटीत गंधार खुपला, असं मला आठवत नाही. का खुपला नाही, हे अजून उलगडलेलं नाही. भात्याचा दाब, स्वरावर येण्याची वाट, आधीचा रिषभ किती रेंगाळला, असं सगळं त्यात असणार. मी त्यांची रेकॉर्डिंग्ज हळू करून ऐकली. त्यातून एवढंच कळलं की हळू केल्यावरही ते चांगलंच वाजवतात.

रेकॉर्डिंगमधला माझा गंधार निराळा. मैफलीचं व्हायोलिन मी मांडी घालून, मान पायावर टेकवून वाजवायचो, तारा सा-प-सा-प लावलेल्या. स्टुडिओतलं व्हायोलिन दुसरं. ते हनुवटीखाली, खुर्चीवर, तारा पाश्चात्त्य पद्धतीच्या, समोर नोटेशन. शेजारी बहुतेक गोव्याचे ज्येष्ठ वादक असत. त्यांनी मला वाचायला शिकवलं आणि माझा गंधारही सुधारला, म्हणजे त्यांच्या दृष्टीनं. मी सवयीनं तंबोऱ्याचा गंधार घेतला की शेजारून हळूच यायचं, 'वयर रे, वयर.' पियानो, गिटार आणि अख्खा सेक्शन एका बाजूला असताना माझ्या एकट्याच्या शुद्धतेला तिथं बेसूर म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. मी पटकन वर जायचो. या पटकन वर जाण्याचेच मला पैसे मिळत. संध्याकाळी मैफलीत पुन्हा खाली यायचो. दोन्हीकडे मी सुरेल गणला गेलो, आणि दोन कान ठेवणारा माणूस म्हणून स्वतःवर खूश होतो.

मग 1983 साली यामाहाचा डीएक्स-7 आला, त्याच्यामागून त्याची भावंडं आली. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत व्हायोलिनचे सेक्शन आटत गेले. सगळ्यांनी एका खोलीत बसून एक टेक देणं संपलं. एकेकट्यानं येऊन ट्रॅक भरून जायचं. त्याबद्दल रडणारे पुष्कळ आहेत, मी रडत नाही. मला राग आहे तो नंतरच्या सॉफ्टवेअरचा. एका भक्तिगीतांच्या संचात मी भूपाचा एक तुकडा वाजवला होता. छापून आल्यावर ऐकला तर माझा प्रत्येक गंधार ओढून पियानोच्या जागी नेऊन बसवलेला. मींडीच्या वाटेत पायऱ्या पाडलेल्या. विचारलं तर उत्तर मिळालं, 'सर, थोडा फ्लॅट जात होता, नीट करून घेतला.' आज मुलांचे कान यावरच घडतात. तंबोरा मोबाइलवर लावतात, तोही इतका हळू की पंखा जिंकतो, आणि प्रवेशिकेला किती राग लागतात ते पहिल्या दिवशी विचारतात.

अशातलीच एक मुलगी माझ्याकडे व्हायोलिन शिकते. आधी कीबोर्डच्या ग्रेड दिलेल्या, त्यामुळे गंधार ठणठणीत पियानोचा. तो खाली आणण्यासाठी मी तिचा पिच्छा पुरवला. मोकळा सा आणि शेजारच्या तारेवर ग, दोन्ही एकाच बोखाली धरायचे आणि थरथर थांबेपर्यंत बोट खाली सरकवायचं, एवढंच कितीतरी दिवस. आईनं तक्रार केली की गाणं कधी येणार. पोरगी मात्र चिकट. गंधार खाली आला, स्थिरावला. आणि एके दिवशी मी वाजवून दाखवत असताना ती म्हणाली, 'सर, तुमचा ग पूर्वीच्या माझ्यासारखा लागतोय.'

मी तिला तंबोऱ्याकडे लक्ष द्यायला सांगितलं. त्याआधी बरेच दिवस तंबोऱ्याची जवारी बसल्यासारखी वाटत होती आणि मिरजेला पाठवायचा विचार चालला होता. तपासणी झाली तेव्हा कळलं की बसली होती ती माझ्या कानांची. आलेख 3,000 हर्ट्झपर्यंत बरा आणि पुढे कोसळलेला. जवारीची झिळमिळ राहते ती त्याच मुलखात. तिच्याविना तंबोरा नुसता घुमतो, आणि गंधार कुठे टेकवायचा ते सांगत नाही. मग हात आपल्या जुन्या नोकरीकडे वळला, वयर रे, वयर.

यंत्रं लावल्यावर बोलणं स्वच्छ ऐकू आलं, शेजाऱ्यांचं नको तितकं. पण पेटीवर लांब स्वर धरला की तो आपोआप थरथरू लागे. यंत्राला वाटतं ही आपलीच शिट्टी, आणि ते ती मारायला जातं. वाजवणं थांबलं की तंबोरा एकदम अंगावर येतो, कारण हळू आवाज मोठा करणं हे त्याचं कामच. ऑडिओलॉजिस्टनं संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅम करून दिला, शिट्टी मारणारी करामत त्यात जवळजवळ बंद. आता पेटी सहन होते. गंधारावर मात्र भरवसा नाही. व्हायोलिन मी यंत्रं काढूनच वाजवतो. वाद्य गळ्याखालच्या हाडाला टेकलेलं असतं, सा आणि ग एकत्र धरले की थरथर हाडात कळते. ती थांबली की गंधार आला असं समजतो. नंतर त्या मुलीकडे बघतो. तिनं मान हलवली तर पुढे जातो. लोकांसमोर ती डावीकडे तंबोरा घेऊन बसते. श्रोत्यांना वाटतं शिष्येला पुढे आणतोय. मी तो समज दूर केलेला नाही.

मैफलीत पेटी वाजवणं मी थांबवलं आहे. ऑर्गन विकला, मेंडोलिन भाच्याकडे आहे. 'बहुवाद्यवादक' आता छापू नका असं आयोजकांना सांगायला हवं, ते अजून जमलेलं नाही.

पन्नाशी ओलांडलेल्या वादकांना एक विनंती. कान तपासून घ्या, आणि तपासणाऱ्याला आपण वादक आहोत हे आधीच सांगा, नाहीतर तो फक्त बोलणं ऐकू येईल एवढंच बघतो. संगीताचा वेगळा प्रोग्रॅम मागून घ्या, आणि तो लावताना आपलं वाद्य बरोबर न्या. यंत्र दिसू नये म्हणून केस वाढवायचे असतील तर खुशाल वाढवा. मीही वाढवले आहेत.